लावला की आवळला

१

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, दोन गोष्टींचा भयंकर राग होता: तेलकट पाना आणि अर्धवट उत्तर. तेलकट पान्याला फडकं तरी असतं, अर्धवट उत्तराला काय करायचं, असं ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या गॅरेजात एका कामासाठी एकच शब्द चालायचा.

ते काम असं. गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी करायची. एकाने खाली खड्ड्यात उतरून नट फिरवायचा आणि दुसऱ्याने वर गाडीत बसून बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवायचं, नाहीतर दोन्ही नुसतेच गरगरतात. मध्ये गाडीचा पत्रा असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून वरच्याने विचारायचं, "आवळला?" खालच्याने पूर्ण जोर लावून पाहिलेला असेल तरच म्हणायचं, "आवळला." नुसता बोटांनी दोन आटे चढवला असेल तर म्हणायचं, "लावला." हो, झालं, हूं, बघते असलं काहीही चालायचं नाही. "आवळला" कानावर आलं की वरच्याने बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, म्हणजे काम संपलं.

अण्णांनी हे मला शिकवलं आणि मी माझ्या धाकट्या भावाला, छोट्याला. बाई गॅरेज चालवते म्हणून गिऱ्हाईक आधी जरा तोंड वाकडं करायचं, मग गाडी धावायला लागली की तोंड आपोआप सरळ व्हायचं. छोट्या डावरा होता. त्याची रेघ नेहमी डावीकडे झुकायची, बारीक आणि तिरकी. त्यावरून मी त्याला फार चिडवायचे.

अकरा वर्षांपूर्वी छोट्या त्याच्या लाडक्या लाल गाडीत, अपघातात गेला. जुनी, दोन माणसांची, इतकी ठेंगणी की आत बसताना माणूस गाडी अंगात घालतोय असं वाटावं. भंगारातून आणून त्याने ती दोन वर्षं घडवली होती. तिच्या ड्रायव्हरच्या सीटला तीनच बोल्ट, मागे दोन आणि पुढे एक. पुढचा सुटला की सीट मागच्या दोघांवर बिजागरीसारखी मागे उलटते. ब्रेक जोरात दाबला की पाठीचा जोर सीटवर येतो, सीट मागे जाते आणि पाय ब्रेकवरून सुटतो. आमच्या गल्लीचा उतार जिथे संपतो तिथे पाण्याच्या टाकीची भिंत आहे.

पुढचा बोल्ट आम्ही त्याच दुपारी बसवला होता. वर छोट्या होता आणि खाली मी.

मी सगळ्यांना जे सांगितलं ते असं: मी "लावला" म्हणाले, त्याने "आवळला" ऐकलं.

२

ती गाडी ताडपत्रीखाली गॅरेजच्या मागच्या भिंतीशी तशीच पडून होती. मी विकली नाही आणि तिच्याकडे बघितलंही नाही. बघितलं ते खारूने.

खारू म्हणजे छोट्याची मुलगी. लहानपणी टायरच्या चळतीवर सरसर चढायची म्हणून खार, आणि लाडाने खारू. आता बावीस वर्षांची झाली आहे. वर्षभर दर शनिवारी येऊन तिने ती गाडी उभी केली. पत्रा सरळ करून घेतला, इंजिन खोललं, ब्रेक नवे घातले. मी रागावले, अबोला धरला, शेवटी हातात पाना घेतला. काय करणार, पोरगी शिकत होती आणि मला शिकवायला आवडत होतं.

"आत्या, रविवारी सकाळी मी आईला यात बसवून फिरवणार," ती म्हणाली. "आई हो म्हणाली आहे. अकरा वर्षांनी ती या गाडीला हात लावणार आहे, कळतंय का तुला?"

"कळतंय. आणि सीट का डुगडुगतेय ते तुला कळतंय का?"

पुढचा बोल्ट ढिला होता. तिथला पत्रा नवा घातलेला, त्यामुळे नट जोडून ठेवायला जागा नव्हती. खालून सुटा नट आणि रुंद वायसर लावायचा, म्हणजे दोघांचं काम. रविवारसाठी त्या आठवड्यात ती रोजच येत होती. गुरुवारी ती वर बसली, मी खड्ड्यात उतरले. आमचा खड्डा जेमतेम माणूसभर रुंद आहे. एका टोकाला चार पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंनी भिंत. नट चढवला, आवळला, मोठा टॉर्क पाना लावला. त्याने टक् करून सांगितलं की आता बास.

वरून खारूचा आवाज आला, "आवळला?"

अकरा वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दोघांची कामं मी घेतच नव्हते. पानाच पुन्हा एकदा ओढून पाहिला आणि मग म्हणाले, "आवळला."

तिने रेघ ओढली. वर येऊन मी पाहिली. जाडजूड आणि सरळसोट, पाटीवर पोराने ओढावी तशी. "रंग काय फुकट येतो का गं?" असं म्हणून मी शटर खाली ओढलं.

शुक्रवारी सकाळी मी सीट हलवून पाहिली. डुगडुगली. खड्ड्यात उतरून नटाला हात लावला तर तो दोन बोटांनी फिरला. नव्या पत्र्याला असं होतं, वायसर बसतो, जागा घेतो, मनाशी म्हटलं. मग वर जाऊन गालिचा उचलला.

रेघ बारीक होती आणि डावीकडे झुकलेली होती.

३

"खारू, रेघ परत का काढलीस?"

"मी? मी आत्ता येतेय, आत्या." तिने वाकून पाहिलं. "ही माझी नाहीये. तूच काढली असशील आणि विसरली असशील. वय झालं तुझं."

"वय झालं तुझ्या आजोबांच्या पान्याचं. मी काढली तर सरळ काढेन."

ती हसली. मीही हसले, पण हसू तोंडातच राहिलं. गॅरेजची किल्ली एक माझ्याकडे आणि एक तिच्याकडे. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. राहता राहिले मी. झोपेत उठून गॅरेजात येऊन डाव्या हाताने रेघा ओढणारी बाई मी नव्हते, निदान तोवर तरी तसं कुणी म्हटलं नव्हतं. मी थिनरने रेघ पुसली. जुना रंग ओघळून झुकला असेल असंही स्वतःला सांगून पाहिलं. सुकलेला रंग ओघळत नाही हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे.

शुक्रवारी पुन्हा दोघींनी नट आवळला. या वेळी खाली दुसरा नट चढवून कुलूप घातलं. दोन नट एकमेकांवर आवळले की हत्तीसुद्धा फिरवू शकत नाही.

काम झाल्यावर खारू दारातल्या टायरवर बसली आणि हात पुसता पुसता म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावेन, विचार."

"या घराला दुसरा शब्द सुचला नाही का गं? लावला, आवळला. पत्र्याआडून दोन्ही सारखेच ऐकू येतात. तू बिचारी एक म्हणालीस, बाबांनी दुसरंच ऐकलं. आई म्हणते, ताईंना कधी दोष देऊ नकोस, दोष त्या शब्दाचा आहे." मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "मी नाही देत हां दोष."

आता इथे खरं काय ते लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. त्या दुपारी मला घाई होती. घाई कसली, भूक लागली होती. मोठा पाना पायऱ्यांपाशी राहिला होता आणि तो आणायला चार पावलं वाकून जायचा मला कंटाळा आला. नट बोटांनी चढवला होता. जेवून येऊन आवळू, असं ठरवलं. वरून छोट्याने विचारलं, "ताई, आवळला?" आणि मी म्हणाले, "आवळला." स्वच्छ, मोठ्याने. त्याने बरोबर ऐकलं होतं. मी जेवत असताना तो गाडी घेऊन गेला.

खारूचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी तिला म्हणाले, "हो गं. दोष शब्दाचाच."

४

शनिवारी दुपारी जेवून आले तर दोन्ही नट ढिले होते. वरची रेघ तिरकी होती.

खारू चार्जिंगला टाकलेली गाडीची बॅटरी आणायला गेली होती, अर्ध्या तासात येणार होती. मी वाट बघू शकले असते. पण मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी कामाला लागते, हा माझा जुना रोग आहे. बोल्ट, नट, वायसर सगळे नवे घेतले. वरचं डोकं धरायला माणूस नव्हतं, म्हणून पाना बोल्टच्या डोक्याला अडकवून त्याचा दांडा सीटच्या पायाशी टेकवला. एकट्याने काम करायचं झालं तर हीच युक्ती. चाकांखाली लाकडी पाचरी आहेत ना ते पाहिलं, हँडब्रेक ओढला, शटर अर्ध्यावर आणलं आणि जाळीचा दिवा घेऊन खाली उतरले.

बाहेर लख्ख ऊन होतं. शटरखालून त्याची एक पट्टी फरशीवर पडली होती. खड्ड्यात मात्र दिवा लागतोच. गाडी ठेंगणी, त्यामुळे पत्रा डोक्यापासून वीतभर वर. मी मान वाकडी करून नट चढवला आणि टॉर्क पान्याने फिरवायला लागले.

छान आवळत होता. वरचा पाना घट्ट बसला होता, बोल्ट जराही फिरत नव्हता. मध्येच मला वाटलं, जरा जास्तच छान होतंय. टेकवलेला पाना असतो ना, तो आधी कचकन सरकतो, दांडा कुठेतरी आपटतो, मग धरतो. हा तसा नव्हता. मी जोर लावला की वरूनही हळूच जोर यायचा, मी सैल सोडलं की तोही सैल व्हायचा. माणूस धरतो तसा.

मी थांबले. दिवा वर केला. हात पुसायला फडकं घ्यावं म्हणून एप्रनच्या खिशात हात घातला तर तिथे पाना होता. सतरा नंबरचा, लाल चिकटपट्टी गुंडाळलेला. मी वर टेकवून आलेला तो हाच. तोच फक्त सतराचा आहे आमच्याकडे.

विसरले असेन, मी म्हटलं. टेकवायचा म्हटलं आणि खिशात टाकला. वय झालं, खारू म्हणते ते खोटं नाही. आणि बोल्ट फिरत नाहीये तो गंजामुळे. पण बोल्ट कोरा होता, मीच कागदातून काढला होता.

नट मी तसाच धरून उभी राहिले. वरून सीटच्या पट्टीचा आवाज आला. ती पुढेमागे करताना खाचांवरून कटकट वाजते. चार खाचा मागे. छोट्याचे पाय लांब होते, तो सीट चार खाचा मागे घ्यायचा.

मग पत्रा किंचित खाली दबला, कुणी बसल्यावर दबतो तेवढाच.

५

"खारू?" मी म्हणाले. "आलीस का?"

मी पायऱ्यांकडे वळले. उजेडाची पट्टी दिसायला हवी होती ती दिसली नाही. दिवा पुढे धरला. पायऱ्यांवर गाडीचं नाक होतं. गाडी दोन-अडीच फूट पुढे सरकली होती, आवाज न करता, पाचरी असताना. पायऱ्या आणि पत्रा यांच्यामध्ये माझा हात गेला, डोकं गेलं नसतं. मागच्या बाजूला नुसती भिंत होती आणि तिथे उरलेल्या फटीतून जेमतेम मांजर बाहेर पडलं असतं.

मी घाबरून ओरडले नाही, हे सांगते कारण मलाच त्याचं आश्चर्य वाटतं. मी हिशेबीपणे विचार केला की उतार असेल, पाचर घसरली असेल, खारू येईल, गाडी मागे घेईल. मला फक्त उभं राहायचं आहे. पण खड्ड्याच्या भिंती दोन्ही खांद्यांना लागत होत्या आणि माझा श्वास मलाच पत्र्यावरून परत येऊन लागत होता, डिझेलच्या वासाचा.

मग वरून विचारलं गेलं.

"ताई, आवळला?"

मोठ्याने नाही. नेहमीच्या आवाजात, जरा कंटाळलेल्या, जेवायची वेळ झालेल्या माणसाच्या. मी इतकी वर्षं ज्या आवाजाला चिडवलं तो आवाज.

"आवळला," मी म्हणाले. तो खरंच आवळला होता. मी पाना पुन्हा लावला, टक् ऐकला, आणि रडत पुन्हा म्हणाले, "आवळला रे, आता आवळला, शप्पथ."

बोल्टच्या शेजारी पत्र्याला एक भोक होतं, आधी चुकीच्या जागी पाडलेलं, अंगठ्याएवढं. त्यातून आतापर्यंत गाडीतला उजेड खाली येत होता. तो अचानक बंद झाला. मी दिवा वर धरला. भोकावर आतून कुणीतरी अंगठा ठेवला होता. नख मधोमध उभं फाटलेलं होतं. लहानपणी हातोडी लागून फाटलेलं आणि कधीच न जुळलेलं.

"ताई," आवाज म्हणाला, "तेव्हा काय म्हणालीस?"

तो आजच्या नटाबद्दल विचारतच नव्हता.

मला माहीत होतं काय सांगायचं ते. दोनच शब्द होते, 'आवळला म्हणाले'. कुणीही ऐकणारं नव्हतं, तो सोडून, आणि त्याने तर ऐकलेलंच होतं. तरीही अकरा वर्षं जी वाक्यं रोज घोटली तीच तोंडात आली. आमच्या आईला, त्याच्या बायकोला, त्याच्या पोरीला सांगितलेली.

"मी 'लावला' म्हणाले होते," मी म्हणाले. "तू 'आवळला' ऐकलंस."

मग तो म्हणाला, लहानपणी मी खेळात लबाडी केल्यावर म्हणायचा तसंच, समजुतीने.

"बरं, ताई. तसं तर तसं."

अंगठा बाजूला झाला. भोकातून उजेड आला.

६

शटर खडखडत वर गेलं. "आत्या, मी आले गं! बॅटरी फुल्ल आहे. कुणाशी बोलतेयस?"

खारूचे बूट फरशीवर वाजले. मला भयंकर आनंद झाला. "खारू! मी खाली आहे. गाडी पुढे सरकली, पायऱ्या अडल्या. ती काढ इथून, आधी मला बाहेर येऊ दे."

"अय्या! पाचर कुणी काढली? थांब, एक मिनिट."

बॉनेट उघडलं, बॅटरी बसली, बॉनेट आपटलं. दार उघडलं. पत्रा दबला. ती आत बसली. "सीट एवढी मागे कुणी केली? माझा पाय पोचत नाही," ती हसत म्हणाली आणि पट्टी कटकट करत पुढे आली.

तेव्हा माझ्या कपाळावर काहीतरी पडलं. वायसर होता. मी वर पाहिलं. नट फिरत होता. सावकाश, एकेक आटा, कुणी बोटांनी उतरवावा तसा. मी दोन्ही हातांनी तो धरला, उलटा ओढला, नखं मोडली. तो माझ्या मुठीत फिरतच राहिला आणि शेवटचा आटा सोडून तळहातात आला. गरम होता.

"आत्या," वरून खारूने विचारलं, घरच्या रीतीने, लहानपणी ऐकून पाठ झालेल्या सुरात, "आवळला?"

"लावला!" मी ओरडले. "लावला! खारू, नुसता लावला! लावला!"

"आवळला? झकास!"

"लावला गं! उतर! उतर खाली!"

पण तोवर इंजिन सुरू झालं होतं. त्या बंद खड्ड्यात त्याचा आवाज असा भरला की मलाच माझं ओरडणं ऐकू येईना. मी पान्याने पत्र्यावर ठोकलं, जीव तोडून ठोकलं. तिला वाटलं मी शाबासकी देतेय. तिने दोनदा हॉर्न वाजवला.

"एक चक्कर मारून येते!" एवढं ऐकू आलं.

गाडी माझ्या डोक्यावरून पुढे गेली. उजेड एकदम अंगावर आला. पायऱ्या मोकळ्या झाल्या.

चार पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर मी घसरले. मी हातांवर चढून वर आले. फरशीवर, गाडी उभी होती तिथे, ओल्या पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ होती, डावीकडे झुकलेली, आणि ती शटरबाहेर उतारापर्यंत गेली होती.

"मी 'आवळला' म्हणाले होते!" मी त्या रिकाम्या गॅरेजात ओरडले. "छोट्या, मी खोटं बोलले! मीच 'आवळला' म्हणाले होते! तू बरोबर ऐकलंस!"

गल्लीत लाल गाडीने दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. टाकीच्या भिंतीआधी सगळेच ब्रेक दाबतात. नट हातात घेऊन मी दारात उभी राहिले आणि ब्रेकचा आवाज यायची वाट बघत राहिले.